दोन घमेली माती, चोवीस सकाळी

सांगलीच्या गावभागात, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात, जुना वाडा पाडून बांधलेली तीन मजली इमारत आहे. खाली पार्किंग, वर पाच कुटुंबं. इमारत नवी असली तरी मागचं अंगण वाड्याचंच राहिलंय: शहाबादी फरशी, कोपऱ्यात तुळस आणि एका बाजूला उरलेली काळी दगडी भिंत. या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर लाल ऑइलपेंटची आडवी रेघ आहे आणि शेजारी आकडा, 2019. पुराची खूण.

2025 च्या मे महिन्यात, सोमवार 5 तारखेपासून शनिवार 31 तारखेपर्यंत, रविवार सोडून चोवीस सकाळी मी या अंगणात सात मुलांबरोबर काढल्या. साडेआठ ते साडेदहा. त्यानंतर फरशी तापायला लागते. मी एकतीस वर्षं बालवाडी चालवली, आता गुडघे सांगतील तसं चालते. मुलांची नावं इथे देत नाही, वयावरून ओळखता येतील एवढंच लिहिते.

कोण होतं, काय हवं होतं

दोन मुलं तीन वर्षांच्या आतबाहेरची, एक मुलगा आणि एक मुलगी. एक चार वर्षांचा. पाच वर्षांची जुळी, भाऊबहीण. एक सहा वर्षांची आणि एक सात वर्षांचा. हा सात वर्षांचा त्या तीन वर्षांच्याचा दादा. त्यांचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर आहेत. जुळ्यांची आई ब्लाउज शिवते, सहा वर्षांचीची आई पतसंस्थेत कामाला. तळमजल्याच्या वरच्याच घरात एक आजी आहेत, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, आणि या टिपणात त्यांचं मत न विचारता येत राहणार आहे.

सहा वर्षांची मुलगी आदल्या वर्षी एका उन्हाळी शिबिराला गेली होती. दहा दिवस, अठराशे रुपये. येताना प्लास्टिकच्या फाइलमध्ये दहा वस्तू घेऊन आली. मी ती फाइल पाहिली. नऊ वस्तूंच्या कडा इतक्या सरळ कापलेल्या होत्या की कात्री मोठ्या माणसाच्या हातात होती हे सांगायला नको. तिथलं काय आठवतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "एसी होता."

यंदा पाच घरांना मिळून हे परवडणारं नव्हतं. आया मला म्हणाल्या, "काय ओ बाई, दोन तास तुम्ही बघाल का पोरांकडं? सामानाचे पैसे देतो की." मी हो म्हणाले.

पहिले तीन दिवस

इथे मी चुकले आणि ते सविस्तर लिहिते, कारण ही चूक बहुतेक घरांत होते.

रविवारी संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानातून मी कार्डशीट, कागदी थाळ्या, आइस्क्रीमच्या काड्या, चमकी, चिकटवायचे हलणारे डोळे आणि फेवीकॉल आणलं. सहाशे चाळीस रुपये. सोमवारी कागदी थाळीचा मोर, मंगळवारी काड्यांचं फुलपाखरू, बुधवारी मासा. प्रत्येकाचा एकेक नमुना मी घरी बसून करून ठेवला होता. छान झाले होते नमुने.

मोर सुरू झाल्यावर बाराव्या मिनिटाला चार वर्षांचा उठून तुळशीकडे गेला. घड्याळ पाहिलं म्हणून सांगते. तीन वर्षांच्या मुलाला कात्रीनं कचकच तुकडे पाडता येतात, वळणदार रेघेवरून कापणं त्याच्या हाताला अजून दोन वर्षं तरी जमायचं नसतं, आणि मी थाळीवर पिसाऱ्याची सुरेख वळणं काढून ठेवली होती. एकतीस वर्षांच्या अनुभवानंतर! तेवढ्यात आया फोन घेऊन खाली आल्या. जुळ्यांच्या आईचा हात कात्रीवर बसलेला, तिनं दोन्ही मोर अर्ध्या मिनिटात कापून दिले. कोणी डोळे चिकटवले, कोणी चमकी टाकली. फोटो निघाले, स्टेटसवर चढले.

जुळ्यांतल्या मुलानं आपला मोर हातात धरून नीट पाहिला आणि मला दिला. "हा आईचा आहे," म्हणाला.

मंगळवार आणि बुधवार याच चालीनं गेले. चमकी फरशीच्या सांध्यांत बसली ती अजून ऊन पडलं की दिसते. बुधवारी पैसे संपले.

पाणी

गुरुवारी सामान नव्हतं. पुढे जे झालं ते शहाणपणातून झालं असं कुणी समजू नये, ते खिसा रिकामा झाल्यामुळे झालं. मी रंगाऱ्याचे तीन जाड ब्रश आणले, पंचाहत्तर रुपये. दोन बादल्या पाणी. आणि आयांना सांगितलं की साडेदहाच्या आधी कुणी खाली यायचं नाही.

काळ्या दगडावर पाणी लावलं की दगड गर्द होतो, आणि मेच्या उन्हात दोनतीन मिनिटांत परत फिका पडतो. तीन वर्षांच्या मुलीनं एकाच दगडाला पाणी लावलं. तो वाळला. परत लावलं. परत वाळला. ती मागे सरून बघायची, "गेलं" म्हणायची आणि पुन्हा बादलीकडे जायची. हे चाळीस मिनिटं चाललं. तेच लेकरू सोमवारी मोराजवळ चार मिनिटं बसलं नव्हतं.

मुलं सात आणि ब्रश तीन, त्यामुळे भांडण ठरलेलं. जुळ्यांच्या आईनं वरून नारळाच्या शेंड्या टाकल्या. एक टोक सुतळीनं करकचून बांधायचं, दुसरं दगडानं ठेचून पिंजायचं, झाला कुंचला. दुसऱ्या दिवशी मुलं रंगाऱ्याचा ब्रश टाकून शेंडी मागायला लागली, कारण शेंडी पाणी जास्त धरते.

सात वर्षांचा मोडा घेऊन लाल रेघेच्या मागे लागला. रेघेपर्यंत सगळी भिंत ओली करायची होती त्याला. खालचं वाळायच्या आत वरचं व्हायला हवं, म्हणून त्यानं बाकीच्यांना कामाला लावलं: दोघं खाली, दोघं मध्ये, तो मोड्यावर. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. साडेदहाला त्याची आई खाली आली आणि भिंत बघून थांबली. पूर आला तेव्हा हा एक वर्षाचा होता, याच बोळातून बोटीनं बाहेर काढलेला. ती काही बोलली नाही. मुलगा म्हणाला, "इथपर्यंत पाणी आणलं आम्ही."

नंतर रोजची सुरुवात पाण्यानंच व्हायला लागली. उरलेलं तुळशीला आणि पार्किंगमधल्या कुंड्यांना. दोन बादल्यांच्या वर मी जाऊ दिलं नाही. दुष्काळी जत, आटपाडीकडच्या बायांनी हे वाचलं तर त्या दोन बादल्याही त्यांना जड वाटतील. तिथे एक तांब्या पुरतो, भिंत लहान निवडायची.

हळद

शुक्रवारी अडतीवाल्या वडिलांनी पुडीत हळद पाठवली. सांगलीची हळद 2018 पासून भौगोलिक मानांकनाची धनी आहे, पण मुलांना त्याच्याशी काय देणंघेणं. त्यांना फक्त हे कळलं की ती पिवळी आहे आणि लाल होते.

कृती सोपी. कोमट पाण्यात हळदीचा पातळसर लेप करायचा. हळद पाण्यात धड विरघळत नाही, त्यामुळे मधूनमधून ढवळत राहायचं. वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर लेप फासून सुतळीवर वाळत घालायचे आणि वाळले की वरची भुकटी झटकायची. मग काडीला कापूस गुंडाळून ती खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायची आणि कागदावर ओढायची. लेखणीमागे तांबडी रेघ उमटत येते. साबणाच्या पाण्यानं आणखी लाल होते. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळं. हळदीतला रंग क्षाराशी गाठ पडली की लाल होतो आणि आंबट लागलं की मूळ रूपावर येतो. मुलांना हे सांगितलं नाही. चार वर्षांच्यानं लिंबू पिळून एक रेघ पुसली, सोड्यानं परत आणली, परत पुसली आणि दादाला म्हणाला, "मला येतंय हे."

आजी वरून बघत होत्या. "सोडा कशाला? चुना घ्या की. आमच्यात कुंकू असंच करायचे." त्यांचं बरोबर आहे, हळदीला चुना लावूनच पूर्वी कुंकू व्हायचं आणि लालीही तीच खरी. पण पानवाल्याकडचा ओला चुना लहान मुलांच्या हातात द्यायचा नाही. बोट डोळ्यात गेलं तर डोळा भाजतो, कायमचा अधू होऊ शकतो. सोड्याची लाली फिकी, तर फिकी. आजींना हे फारसं पटलं नाही.

दोन गोष्टी मी ठरवल्या नव्हत्या, आपोआप झाल्या. एक म्हणजे सुतळीवरचे कागद दोनतीन दिवसांत पिकल्या पानासारखे फिके झाले, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. सहा वर्षांचीनं अर्ध्या कागदावर पितळी ठेवली आणि संध्याकाळी उचलून बघितली, मग रोज वेगळी वस्तू: चमचा, चप्पल, पिंपळाचं पान, स्वतःचा हात. हात पाच मिनिटांपुढे टिकला नाही, त्यामुळे त्याचा छाप आला नाही याचं तिला वाईट वाटलं. दुसरी गोष्ट कपड्यांची. पतसंस्थेतल्या आईनं पिवळा डाग साबणानं घासला आणि तो रक्तासारखा लाल झाला. तिचा फोन आला तेव्हा मला आधी हसू आलं. डाग धुऊन ओलाच उन्हात टाकायला सांगितलं. दोन दिवसांत गेला.

चिंचोका

शनिवारी चिंचोक्यांची नक्षी करायचं ठरलं. आजींनी डबाभर चिंचोके दिले. सहा आणि सात वर्षांच्यांनी फरशीवर गोपद्म, साप, सांगलीचा पूल काढला. मी पुलाचे खांब मोजत होते. तेवढ्यात तीन वर्षांच्यानं एक चिंचोका नाकपुडीत घातला.

बाहेर दिसत होता, पण मी हात लावला नाही. चिमटा, हेअरपिन, बोट, काही नाही. चिमटीत धरायला गेलं की गुळगुळीत बी आत सरकते, आणि पाणी लागलं की फुगते. त्याला मांडीवर घेऊन तोंडानं श्वास घ्यायला लावला आणि आईबरोबर रिक्षानं दवाखान्यात. डॉक्टरांनी काढला, तीनशे रुपये घेतले, आणि मला जे सांगायचं ते सांगितलं.

चूक माझी. तीन वर्षांचं मूल आणि सात वर्षांचं मूल एका फरशीवर असलं की सामान तीन वर्षांच्याच्या बेतानं निवडायचं, हे बालवाडीत मी दुसऱ्या बायांना शिकवत होते. बी, मणी, बटणं, ते हलणारे डोळे, सगळं त्या दिवशी डब्यात गेलं आणि डबा आजींच्या फडताळात.

माती

सोमवार 12 मे. कुंभाराकडून दोन घमेली मळलेली माती आणली, एकशेवीस रुपये. ओल्या पोत्यात गुंडाळून जिन्याखाली ठेवली. रोज नारळाएवढा गोळा प्रत्येकाला. नमुना नाही. "आज काय करायचं?" असं मुलांनी विचारलं तर मी म्हणायचे, "मला काय माहीत."

पहिला दिवस लाडवांचा आणि सापांचा. दुसरा दिवस लाडवांचा आणि सापांचा. तिसऱ्या दिवशी आयांचा धीर सुटला. जुळ्यांची आई जिन्यातून म्हणाली, "बाई, अजून लाडूच?" तिचं म्हणणं मला कळत होतं. रोज काहीतरी नवीन नसेल तर मुलांचा दिवस वाया गेला असं आपल्याला वाटतं. शिबिरंही त्यावरच चालतात. दहा दिवसांना दहा वस्तू म्हणजे दहा वेळा नवं सामान, आणि पैसा तिथेच जातो. मुलाच्या हाताला मात्र कालचंच सामान आज परत हवं असतं, कारण काल ते ओळखीचं होता होता साडेदहा वाजलेले असतात.

चौथ्या दिवशी जुळ्यांतल्या मुलीनं साप गोल गुंडाळून एकावर एक चढवले. डबा झाला. कुणी दाखवलं नव्हतं. भावानं त्याच दिवशी लाडवात अंगठा खुपसून वाटी केली. माणसानं चाकाच्या आधी भांडी अशाही रीतींनी केली. मी तोंडाला कुलूप लावून बसले होते, फार अवघड गेलं.

पाचव्या दिवशी चुली आणि भाकरी. सहाव्या दिवशी, शनिवारी, अडतीवाले वडील सुट्टीमुळे अंगणात टेकले आणि मुलांना पेवांबद्दल सांगायला लागले. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत खोल खड्डे असत, तोंड अरुंद, पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. मुलं ऐकत होती की नाही कळत नव्हतं.

सोमवारी आल्या आल्या सात वर्षांच्यानं सगळ्यांची माती गोळा केली. सातही गोळे एकत्र थापून भाकरीसारखी जाड जमीन केली आणि तीत बोटानं खड्डे पाडले. तोंड अरुंद राहीना. बोट फिरवलं की वरच रुंद व्हायचं. त्यानं आडवी काडी घालून आतून कोरायचा प्रयत्न केला, भिंत फुटली. शेवटी सहा वर्षांचीनं तोड काढली: आधी वाटी करायची, तिच्या तोंडावर मातीची चकती बसवायची आणि चकतीला भोक पाडायचं. अशी अकरा पेवं झाली. हळद म्हणून वाळू भरली, धाकट्यांनी चकत्यांवर चकत्या लावून तोंडं बंद केली. दोन तास पुरले नाहीत. पोतं टाकून तसंच ठेवलं, मंगळवारी परत.

मंगळवारी चार वर्षांच्यानं त्यावर बादली ओतली.

मोठ्यांनी आरडाओरडा केला. तो म्हणाला, "पूर आला." पेवांची तोंडं विरघळली, वाळू चिखलात मिसळली. आजी कठड्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "असंच झालं होतं." 2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं होतं, त्यांच्या माहेरची हळद त्यात होती. त्या खाली आल्या, मोड्यावर बसल्या आणि चिखल निथळून परत मळायला कसा घ्यायचा ते मुलांना दाखवायला लागल्या: फडक्यात बांधून टांगायचा, पाणी गळू द्यायचं. त्या चोवीस दिवसांत मुलांना काहीतरी 'शिकवलं' असं म्हणायचं झालं तर ते हे, आणि ते आजींनी शिकवलं.

माती नऊ दिवस चालली. बुधवारी 21 तारखेला मी ती थांबवली ती मुलं कंटाळली म्हणून नव्हे, पावसामुळे.

इथे बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या तारा मोडकांची आठवण काढते. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांच्या जोडीनं कोसबाडला काम वाढवलं. माँटेसरीची लाकडी साधनं गावाला परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, शंख, खडे, माती यांतून साधनं उभी केली. प्रशिक्षणात हे आम्हाला पाठ होतं. तरी मी स्टेशनरीच्या दुकानात गेलेच.

पाऊस आणि जे वाळलं नाही

त्या मेमध्ये पावसानं सगळ्यांनाच फसवलं. वीस तारखेच्या आसपास वळवाचा म्हणून आला आणि गेलाच नाही. 24 तारखेला मान्सून केरळात, 26 ला मुंबईत. उन्हाच्या भरवशावर केलेलं सगळं अडकलं.

सगळ्यात मोठं नुकसान आजींच्या लगद्याचं. रद्दी मुलांनी फाडली, आणि कात्रीनं कचकच तुकडे पाडायचं काम तीन वर्षांच्या दोघांना इथे शेवटी नीट मिळालं. रात्रभर भिजवलं, पाट्यावर वाटलं. भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात घातल्या, जुन्या बायका कीड लागू नये म्हणून घालत तशा, आणि मैद्याची खळ. खळ करताना एक वाटी मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात सोडून तुकतुकीत होईतो ढवळायचं, नाहीतर गुठळ्या होतात. पूर्वी खळीत मोरचूद टाकायचे. मुलांच्या कामात ते विष नको. मोरचूद नसलेली खळ मेमध्ये दुसऱ्या दिवशी आंबते, तेवढीच करावी. पालथ्या पातेल्यांवर लगदा थापून सात टोपल्या केल्या, सोमवारी 19 तारखेला. कडक ऊन चार दिवस मिळालं असतं तर झाल्या असत्या. शनिवारी त्यांच्यावर पांढरी बुरशी होती. मेथी किड्याला आवरते, दमटपणाला नाही. टोपल्या फेकल्या. आजी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या, जणू पाऊस मी मागवला होता.

मिठाच्या कणकेचंही तेच. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. आजी आधीच म्हणाल्या होत्या, "अन्नाशी खेळताय व्हय?" म्हणून गिरणीतलं झाडलेलं पीठ चाळून घेतलं. तीन वर्षांच्यानं एकदा चाटलं, तोंड वाकडं केलं, परत चाटलं नाही. आठ तारखेला केलेल्या पणत्या उन्हात तीन दिवसांत दगडासारख्या झाल्या, महिनाअखेरीस हवेतलं पाणी पिऊन लोंबल्या.

पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून आम्ही आत सरकलो. गवळ्यानं शाळूच्या कडब्याची अर्धी पेंडी दिली. धाटाची साल सोलायचं काम मीच करत होते, तिची धार बोट कापते. आतलं भेंड मऊ, नखानंही कापतं. सालीची काडी भेंडात खुपसली की सांधा तयार, खळ नको, दोरा नको. मी माझ्या लहानपणीची बैलगाडी करून दाखवणार होते, मोह आवरला. सगळ्यात आधी चष्मे झाले. सातही जणांचे, काचा नसलेले, आणि ते दोन दिवस कुणी काढले नाहीत. मग सात वर्षांच्यानं गाडी केली. चाक फिरेना, कारण आस भेंडातच रुतलेला होता. त्यानं भोक मोठं केलं, चाक निसटलं. चाकाच्या बाहेरून भेंडाचा दुसरा तुकडा बसवायचा हे त्याला शुक्रवारी दुपारी घरी सुचलं, आणि तो धावत माझ्या दाराशी आला. त्याच्यासाठी मी अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून खेळण्यांची मराठी पुस्तकं फोनवर काढून दिली, ती तिथे फुकट आहेत. तीन-चार वर्षांच्यांसाठी ती अवघड जातात, सातच्या पुढे मात्र उत्तम.

शेवटचा आठवडा कोयींचा. रायवळ आंब्याची कोय लागते, चोखून झाल्यावर धुतली की तिला केस असतात. हापूसची टकलीच. जुन्या टूथब्रशनं विंचरायचं. जुळ्यांच्या आईकडच्या चिंध्यांचे फेटे, पदर. कोळशानं डोळे. ऊन नव्हतं, म्हणून कोयी तव्याजवळ ठेवून वाळवल्या. दाढीवाल्या बाबांची रांग पार्किंगच्या कट्ट्यावर लागली. सहा वर्षांचीनं तिच्या कोयीचे केस कापायचे ठरवले आणि ते परत वाढत नाहीत हे कळल्यावर रडली.

हिशेब

पहिले तीन दिवस: 640 रुपये.

उरलेले एकवीस दिवस: माती 120, ब्रश 75, मीठ 22, मैदा 25, सोडा 10, लिंबं 20, बोथट कात्र्या दोन 60, सुतळी 30. म्हणजे 362. हळद, रद्दी, शेंड्या, चिंध्या, कडबा, कोयी, झाडलेलं पीठ फुकट.

एकूण 1002, सात मुलांत वाटले तर माणशी साधारण 143 रुपये. डॉक्टरांचे तीनशे यात नाहीत. धरायला हवेत.

आणि 'फुकट' या शब्दात जे बसत नाही तेही धरायला हवं. माझे रोजचे दोन तास, आदल्या संध्याकाळचा एक. जुळ्यांच्या आईनं रोज फरशी धुतली, त्या अर्ध्या तासात तिचं एक ब्लाउज राहायचं. ज्या घरात दिवसभर कुणीच मोठं नसतं, तिथे हे एकशे त्रेचाळीस रुपयांत होत नाही. पतसंस्थेतल्या आईनं शेवटी हे स्वतःच काढलं आणि बाकी चौघींनी मिळून जुळ्यांच्या आईला एक हजार दिले. मला विचारलं, मी नको म्हटलं. जुळ्यांच्या आईनं मात्र नको म्हणायचं नाही, हेही मीच तिला समजावलं.

फोटोचं काय झालं? आयांना खाली यायची बंदी होती, त्यामुळे स्टेटसला काही मिळालं नाही. चौथ्या आठवड्यात चार वर्षांच्याच्या आईनं तक्रार केली की शिबिराच्या फाइलसारखं दाखवायला काहीच नाही. खरंच नव्हतं. पाणी वाळलं, हळद उडाली, पेवं बुडाली, टोपल्यांना बुरशी आली. कोयी तेवढ्या उरल्या आणि एक चष्मा.

16 जूनला शाळा उघडल्या. दोन घमेल्यांतली निम्मी माती अजून माझ्या व्हरांड्यात ओल्या पोत्यात आहे. एक दिवसाआड मी तिच्यावर तांब्याभर पाणी मारते. जुळी शाळेतून येताना पोत्यात बोट घालून बघतात, आणि घट्ट लागली तर मला रागावतात.